मिरच्यांचा ठसका

साल दोन हजार बावीस. मी त्रेसष्ट वर्षांचा. भवानी पेठेत चादरीच्या कारखान्याच्या मालकाचा बंगला. त्याच्या गेटवर मी वॉचमन. अकरा वर्षं.

त्या दिवशी मालकानं मागून माझी मानगूट धरली आणि तोंड घमेल्यावर दाबलं. घमेल्यात निखारे. त्यावर मीठ, मोहऱ्या, मूठभर लाल मिरच्या.

"डोळं मीट की!" मालक ओरडला.

"मिटत न्हाईत, मालक."

खरंच मिटत नव्हते. आठ महिने झाले, डोळे खोबणीतून बाहेर येत होते. पापणीला पापणी टेकत नव्हती. झोपताना बायको ओलं फडकं टाकायची. मालकाला वाटलं मी उलट बोलतोय.

त्याच्या नातवाला तीन दिवस ताप होता. मालकाची आई, अव्वा, म्हणाली, "ह्या भुताच्या डोळ्यानं पोराला खाल्लं. असल्या लोकांची नजर लई वाईट." असले लोक म्हणजे आम्ही. जातीचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यावं लागत नाही.

दृष्ट काढायची रीत मलाही माहीत आहे. मिरच्या जळून ठसका लागला तर दृष्ट नव्हती. नाही लागला तर होती. ठसका सगळ्यांना लागला. अव्वा पदर तोंडाला लावून खोकत होती, मालक खोकत होता. माझी तर आतडी तोंडात आली. तरी मी मान वर केली.

"अव्वा, ठसका लागला की. मग दृष्ट कुटं हाय?"

त्यावर मालकाची कानाखाली बसली. अंगठीनं गाल फाटला. पुन्हा मान खाली, पुन्हा मिरच्या.

माझी काठी भिंतीला टेकलेली होती. वाटलं, उचलावी आणि टाळकं फोडावं. त्याचंच तोंड निखाऱ्यात खुपसावं. हात काठीपर्यंत गेला. पण काठी घातली नाही. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी बायकोनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याला नुसतं धुकं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. थायरॉईड, म्हणाल्या.

"बाई, मी चौथी शिकलोय. उलगडून सांगा."

त्यांनी सांगितलं. रक्तात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. ते बिघडले. डोळ्यामागच्या मांसाला वाढीचा निरोप पोचायला एक कडी असते, दाराच्या कडीसारखी. ह्या बिघडलेल्या पहारेकऱ्यांनी थायरॉईडची, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची, कडी वाजवली, तिच्या जोडीनं डोळ्यामागची वाढीची कडीही खडखडली. मांस सुजलं, पाणी धरलं, चरबी वाढली. भोवती हाड. जागा नाही. डोळा पुढं ढकलला.

"म्हंजी आतल्या वॉचमननं घरचाच माणूस बडवला."

"तसंच," बाई म्हणाल्या. ती वाढीची कडी अडवणारं औषध निघालंय, पण आपल्या आवाक्याबाहेर आहे. आपण सूज उतरवायची इंजेक्शनं देऊ. बिडीनं हे वाढतं, ती आजपासून बंद. आणि उजव्या बुबुळावर जखम झाली आहे, ती मिरचीच्या धुरानं. नजर पूर्ण परत येईल असं नाही.

"हे समदं मराठीत लिवून द्या. सही-शिक्क्यासकट."

त्यांनी लिहून दिलं. शिक्का ठसठशीत उठला.

संध्याकाळी मालक आमच्या वस्तीत गाडी घेऊन आला. खाली उतरला नाही. काचेतून काळा गॉगल पुढं केला.

"नातवाचा ताप उतरला. गुण आला बघ. आता दर अवसेला करू. उद्यापासून हा घालून ये. आणि पोराची गाडी निघाली की भिंतीकडं तोंड करून उभा राहा."

गॉगल घेतला. त्याच्या समोर खाली टाकला आणि टाचेनं चुरा केला.

"माजलास व्हय रं?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता पोलीस चौकीत गेलो. बाईंचा कागद टेबलावर ठेवला. मालकाचं नाव सांगितलं, अव्वाचं सांगितलं, मिरच्या सांगितल्या. हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, आधी असं डोळं वटारून बघू नका."

"मिटत न्हाईत," मी म्हणालो. "लिवा."