विलासदादांच्या नावावर अकरा दिवस

गडहिंग्लजला मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा होता. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजले असतील. मांडवात पाहुण्यांना पोहे वाटत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नाव विलासदादांचं दिसत होतं, आवाज मात्र दुसऱ्याचा. "पावणं, ह्यो फोन कुणाचा हाय? वळकता का?" कोडोलीच्या रस्त्याला दुधाची गाडी घेऊन निघालेला एक माणूस बोलत होता. "रस्त्याकडंला पडल्यात. पायात पळायचं बूट हायती. तुमचं नाव वरच दिसलं म्हणून लावला." श्वास चालू आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी या." एसटीत बसल्यावर माझ्या मनात दुःख आलंच नाही. त्याच्या आधी भीती आली. ती कसली, हे आज पाच आठवड्यांनी लिहायला बसलो आहे. चांगल्या माणसावर चार गोड शब्द लिहून मोकळं होता आलं असतं, पण ते मला जमणार नाही.

विलासदादा फौंड्र्यांसाठी लाकडाची पॅटर्न करायचे. त्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा घेतात आणि साच्यात लोखंड ओततात. हातात सतत मोजपट्टी, कानावर पेन्सिल. केसभर चूक झाली तर अख्खं पॅटर्न चुलीत घालणारा माणूस. पन्नाशी ओलांडली, रक्तात साखर निघाली आणि ते कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर चालायला येऊ लागले. मी शाळामास्तर, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आधीपासून पळणारा. दोन महिन्यांत ते माझ्याबरोबर पळू लागले आणि वर्षभरात मला उपदेश करू लागले. माझं पळणं म्हणजे वाटलं तर दहा, कंटाळा आला तर चार किलोमीटर. त्यांना ते सोसवायचं नाही. "मास्तर, मापाशिवाय काम म्हंजे भोंगळ कारभार," म्हणायचे.

मग त्यांनी फोनवर ते ॲप घेतलं. मनगटावर घड्याळ, छातीला पट्टा. काळजाचे ठोके, झोप, वेग, सगळं त्यात जायचं आणि दर रविवारी ॲप पुढच्या आठवड्याचा सराव त्यांच्यापुरता आखून द्यायचं. कानात बाईचा आवाज यायचा, म्हणून आम्ही तिला मॅडम म्हणायचो. वहिनी चिडवायच्या, "लग्नाला अठ्ठावीस वर्सं झाली, माझं कधी एवढं ऐकलं न्हाई." दादांचा त्या मॅडमवर जीव का जडला, ते त्यांनी एकदा समजावलं होतं. लोखंड निवलं की आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडं मोठं करावं लागतं, आणि प्रत्येक धातूचं आकसणं वेगळं. "ही बाई माणसाचं आकसणं हिशेबात धरती बघ. तुझं येगळं, माझं येगळं." हिवाळ्यात बेचाळीस किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पळायची, हे त्यांचं ठरलं होतं. पॅटर्नच्या दुकानात भिंतीवर खडूनं बेचाळीस लिहून ठेवलं होतं.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा चेहरा उतरलेला आणि जिना चढताना छातीवर हात जायचा. एका संध्याकाळी माझ्याकडे आले, घड्याळ आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मॅडमला हे ठोके दिसले तर ती बेचाळीसचं एकवीस करील. "चार दिस तू घाल. माझ्या नावानं पळ."

मी हसलो. म्हटलं, "दादा, ही तर फसवणूक झाली."

"फौंड्रीत दोस्ताचं हजेरी कार्ड कोण मारत न्हाई? तसंच हाय ह्ये. मार की माझं कार्ड."

आमच्याकडे दोस्तानं काही मागितलं तर का म्हणून विचारायची रीत नाही. उशिरा येणाऱ्याचं कार्ड आधी आलेल्यानं मारायचं, साहेबानं विचारलं तर संडासला गेलाय म्हणायचं. माझे वडीलही फौंड्रीत होते, हे बाळकडू मलाही मिळालेलं. शिवाय खरं सांगायचं तर मला मजा वाटली. त्यांचा पट्टा बांधून रंकाळ्याला फेऱ्या मारताना मी जरा जोरातच पळायचो, मॅडमकडून शाबासकी मिळावी म्हणून. आकडे घड्याळातून आपोआप दादांच्या फोनवर जायचे. चार दिवसांचे अकरा झाले. मॅडमला वाटलं, माणूस तापातून उठून तरुण झाला. तिनं सराव वाढवला.

शुक्रवारी त्यांनी घड्याळ परत नेलं. जाताना फोन पाहिला आणि चेहरा उजळला. रविवारी सव्वीस किलोमीटर आलं होतं. मी म्हटलं, "दादा, हे माझ्या पायांचं आहे. तुम्ही दहाच पळा." ते म्हणाले, "तिनं इचार करूनच दिलं असंल की." हे वाक्य मी रोज आठवतो. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या मोजपट्टीवर विश्वास ठेवला नाही, त्यानं स्वतःच खोटं माप दिलं आणि दोन दिवसांत तेच खरं मानलं. मला ते दिसत होतं. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी साखरपुड्याची बॅग भरत होतो.

दादांचं दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी वहिनींना काहीच बोललो नव्हतो. गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, "भावजी, ह्यांच्या फोनवर रोज सकाळी ती बाई बोलती, उठा म्हणती. तेवढं बंद करून द्या." दुपारी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाकी काय बी पुसा, ह्ये ऱ्हाऊ दे." त्यांनी बोटानं एक आलेख उघडून दाखवला. तांबडी रेघ, संथ, सरळ. "ह्यांच्या काळजाचे ठोके हायत. मी रोज बघती."

मी तारीख पाहिली. माझ्या अकरा दिवसांतला नववा.

वहिनी बोलतच होत्या. हार्टच्या डॉक्टरांकडे त्यांनी नंबर लावला होता. दादांनी हीच रेघ वहिनींना दाखवली, म्हणाले, बघ, घोड्यासारखं चाललंय, डॉक्टर कशाला. "आणि मी नंबर रद्द केला, भावजी. माझ्या हातानं फोन करून. मीच मारलं ह्यांना..." त्या रडत नव्हत्या. रोज स्वतःला ऐकवलेलं एखादं वाक्य म्हणावं तसं त्यांनी ते म्हटलं.

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती आणि ही बाई मरेपर्यंत तो नंबर रद्द करत राहिली असती. मी सगळं सांगितलं. पट्टा, कार्ड, अकरा दिवस, ही रेघ कुणाची, सगळं. सांगून खाली बघत बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण त्या उठल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, "मग ह्यांचं कुठलं?"

मी तो शेवटचा रविवार उघडला. रेघ पहिल्या किलोमीटरपासूनच वर होती. खाली यायला तयार नव्हती, चढावर आणखी वर गेली होती. सतराव्या किलोमीटरनंतर काही नव्हतं. वहिनींनी ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटानं पुन्हा ओढली.

"तुमचं पुसा," त्या म्हणाल्या. "ह्ये ऱ्हाऊ दे."

एकेक दिवस उघडून पुसावा लागत होता. नक्की पुसायचं का, असं फोन दर वेळी विचारायचा, आणि मी हो म्हणायचो. वहिनी समोर बसून मोजत होत्या. अकरा झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.