जयंतीचा हॉल

चार वर्षं आमच्या एप्रिलमधल्या जयंतीच्या हॉलचं भाडं माझी कंपनी देत होती. ते मी मिळवलेलं, आणि त्याची मला भारी घमेंड. कमिटीतले काका सगळ्यांना सांगायचे, "हॉलची काळजी नको, आपली पोरगी आत आहे!"

यंदा फेब्रुवारीत, हे पैसे देणाऱ्या कंपनीतल्या डायव्हर्सिटीवाल्यांनी आमच्या तोंडाला पानं पुसली. कंपनीने त्यांचं आख्खं डिपार्टमेंटच गुंडाळलं. गोड मेल आली, की बजेट नाही, पण विविधता आमच्या रक्तात आहे. रक्तात म्हणे! कपाळ माझं.

वेम्बलीतले परवडणारे सगळे हॉल केव्हाच बुक झाले होते. लेक पहिल्यांदाच मराठीतून भाषण करणार, म्हणून पिनरच्या घरात आरशासमोर घोकत होती आणि तिला उभं करायला माझ्याकडे जागा नव्हती. ट्रेनमध्ये सीट मिळाली तरी बसवेना. दाराशी उभी राहून नुसती फोन करत सुटायचे.

ऑफिसातली मैत्रीण, जिचे आजीआजोबा जमैकाहून आलेले, ती हसलीच. "तू अजून त्यांच्या भरवशावर? चल माझ्या आंटीकडे."

आंटीचं चर्च हार्ल्सडेनला, मागे मोठा हॉल. त्यांची माणसं या देशात आली तेव्हा त्यांना कुणी हॉल भाड्याने देईना. मग बायकांनी शनिवारी मासे तळून विकले, पुरुषांनी पगारातून पैसे बाजूला काढले आणि इमारत विकतच घेतली. छपरापासून वायरिंगपर्यंत सगळं त्यांच्याच माणसांनी केलेलं. शेजारचं दुकानही त्यांचंच, त्याच्या भाड्यावर हॉलचं वीजबिल भागतं. ऐकताना मला हेवा वाटला, सरळ सांगते.

"हॉल घे," आंटी म्हणाल्या. "खुर्च्या मात्र तुम्हीच लावायच्या, तुम्हीच उचलायच्या."

जयंतीच्या दिवशी निळे झेंडे लागले, मागच्या वर्षीचाच बॅनर भिंतीवर चढला. आंटींनी काठीने त्याचा कोपरा दाखवला. तिथे माझ्या कंपनीचा लोगो होता.

"हे कोण?"

"दरवर्षी मदत करायचे."

"आज आलेत?"

"नाही."

"मग माझ्या भिंतीवर काय करतायत?"

मी तणतणत कात्री आणली. काकांनी हात धरला. "अगं, डोकं फिरलं का? उद्या परत पैसे देतील. कशाला वाईटपणा घेतेस?"

"घेते!" मी म्हणाले आणि तो कोपरा कापून टाकला. पण काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. ही भिंत तरी आपली कुठे आहे?

बुद्धवंदना झाली. लेक बोलली. दोनदा अडखळली, पण थांबली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. मागच्या रांगेत आंटी काठी आपटून दाद देत होत्या. एक शब्दही कळला नसेल त्यांना.

नंतर त्या जवळ आल्या. "छान बोलली तुझी लेक. तुम्ही किती वर्षं आहात या देशात?"

"माझे सासरे आले होते, आंटी. पन्नास वर्षं होतील."

"हं," त्या म्हणाल्या. "मग हिची लेक कुठे बोलणार?"

मी खुर्च्या उचलायला लागले.