वरची ओळ

इंग्रजीच्या पुस्तकात छापलेल्या ओळीच्या वर पेन्सिलीनं आणखी एक ओळ लिहायची, ही रीत प्रभाकर सरांनी शाळेत आणली. खाली इंग्रजी आणि वर तेच बोल आपल्या अक्षरांत, 'द फार्मर वेन्ट टू द मार्केट.' वाचायची वरची ओळ, बोट मात्र खालच्या ओळीवरून फिरवायचं.

सर मुळात हिंदीचे. रामाकोन्याजवळच्या या सरकारी शाळेत इंग्रजीची जागा रिकामी राहिली ती राहिलीच, आणि शेवटी ते घोंगडं त्यांच्या गळ्यात आलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पेन्सिल त्यांनी स्वतःच्याच पुस्तकात चालवली होती, पांढुर्ण्याच्या दुकानातून आणलेल्या गाईडात बघून बघून. मग तीच ओळ फळ्यावर आली आणि फळ्यावरून पोरांच्या पुस्तकांत उतरली.

शाळेत साहित्य नव्हतं असं कोणी म्हणू नये. चित्रांची कार्डं होती, अक्षरांचे ठोकळे होते, गोष्टींची रंगीत पुस्तकं होती. सगळं कपाटात कुलूपबंद. हरवलं, फाटलं तर भरून कोण देणार? सरकारी वस्तू जपायची, आणि जपायची म्हणजे वापरायची नाही, हे आपल्याकडे मास्तराला कोणी शिकवावं लागत नाही. तपासणीला साहेब आले की कुलूप उघडायचं, फडकं मारायचं. साहेबांची गाडी वळली की कार्डं पुन्हा अंधारात.

वरच्या ओळीची सगळ्यात हुशार पोरगी म्हणजे भाग्यश्री, संत्र्याचा बगीचा करणाऱ्या गुणवंताची थोरली. साहेबांनी तिला उभं केलं तेव्हा तिनं अख्खा धडा न अडखळता वाचला. साहेब खूश झाले आणि त्यांनी पाठ थोपटली ती सरांची. परीक्षेत तर वाचायचं कामच नव्हतं. उत्तरं घोकून घोकून हाताला बसली होती, हातानं ती उतरवली, पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली.

"पोरीले नर्सिंगले टाका," सर गुणवंताला म्हणाले. "इंग्रजी पक्कं आहे तिचं."

गुणवंतानं ऐकलं. मास्तराच्या शब्दाला गावात अजून वजन आहे, हीच तर पंचाईत. भाग्यश्री नागपूरला शिकायला गेली आणि दिवाळीच्या आधीच पेटी घेऊन परत आली. आता जात नाही म्हणते, असं कानावर आलं तेव्हा सर समजूत घालायला निघाले. घरची आठवण येत असेल, दुसरं काय, असं त्यांनी वाटेत स्वतःलाही समजावलं.

ओसरीवर धाकटी मानसी इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. झरझर, कुठं अडणं नाही. सवयीनं सरांच्या तोंडून 'शाब्बास' निघून गेलं. तेवढ्यात भाग्यश्री पाण्याचा पेला घेऊन आली.

"काहून वापस आली, बाई?"

"मॅडमनं सगळ्यायसमोर एक पान वाचाले देलं, सर. कोन्या पेशंटले कोनतं औषध द्याचं, ते लिहून होतं त्याच्यावर."

"मंग?"

"मंग काय. तिथं वरची ओळ नव्हती."

तिच्या आवाजात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला समजावता तरी येतं.

"बाकीच्या पोरी हासल्या. मॅडम नाही हासली," भाग्यश्री म्हणाली. "मॅडम म्हणे, तुह्या हातून मानूस मरन एखांद्या दिवशी."

"शिकून घेता येते न आता. रोज थोडं थोडं…"

"कुठं बसू, सर? पहिलीत?"

सरांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी खाली ठेवला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि एवढ्याशा पोरीसमोर ती दिसू नये याची धडपडही होती.

भाग्यश्रीनं मानसीच्या हातातलं पुस्तक घेतलं, खोडरबर मागून घेतलं आणि ओसरीच्या कडेला बसून पानभर पेन्सिल खोडून काढली. चुरा फुंकला. पुस्तक परत मानसीच्या मांडीवर ठेवलं.

"वाच आता."

मानसीचं बोट छापील ओळीवर सराईतपणे ठेवलं गेलं, थोडं पुढंही सरकलं. तोंडातून मात्र काही निघेना. ती बहिणीकडे बघत राहिली, मग सरांकडे वळली.

"सर, पयला शब्द सांगा न."

तिनं पुस्तक पुढं केलं. सरांनी पेला खाली ठेवून ते घेतलं. पुस्तक यंदाच बदललेलं, आणि हा धडा त्यांनी अलीकडेच गाईडातून उतरवून दिलेला. पहिलाच शब्द लांबलचक होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकेक अक्षर मनात जुळवायला घेतलं, ओठ हलले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. डोकं वर केलं तेव्हा भाग्यश्री त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"राहू द्या, सर," ती हळूच म्हणाली, आणि रिकामा पेला उचलून आत गेली.