सोनवणे सर आणि दाबलेली इच्छा

सोनवणे सर सकाळी दात घासायच्या आधी शेजाऱ्याला विचारायचे, "काय, आज काय दिसलं स्वप्नात?" सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या लाइनीत दहा खोल्यांना एक नळ आणि त्या नळाशी हा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून उभा. मराठी शाळेत मास्तर. मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचलेलं आणि तेवढ्यावर सगळ्यांची मनं उकलायचा मक्ता घेतलेला! मला तो माणूस कधीच आवडला नाही. आजही नाही.

कुणाला साप दिसो, कुणाचे दात पडोत, सरांचं उत्तर ठरलेलं. "दाबलेली इच्छा! शास्त्र आहे हे, गंमत नाही." लोक हसायचे आणि बादली उचलून चालू लागायचे.

आमच्या घरी वाईट स्वप्न माणसाच्या आधी वाहत्या पाण्याला सांगायची रीत. खानदेशात नदी होती, सुरतेत आईनं नळावरच भागवलं. वडील पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात होते. शहाण्णव साली एका सकाळी आई नळाशी वाकून पुटपुटली, की ते उकळत्या रंगाच्या हौदात पडलेले दिसले. मागं सर उभेच. "वहिनी, मनात असतं तेच दिसतं. दाबलेली इच्छा!"

सगळ्या लाइनीसमोर! आई अर्धीच बादली घेऊन घरात आली. "मना मनमा असं शे का रे?" तिनं मला विचारलं. त्या दिवसापासून तिनं झोपेचा धसकाच घेतला. डोळा लागला की दचकून उठायची. वडिलांना वाढताना त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो. ग्रंथालयातून पुस्तक काढून वाचलं, तर त्यात दुसरंही मत होतं. दिवसभर ज्याची धास्ती, त्याचीच मन झोपेत उजळणी करतं. मी तडक सरांकडं गेलो.

"तेही आहे म्हणा," सर म्हणाले. "पण बायामाणसांना एवढं खोलात कशाला?"

म्हणजे माहीत होतं मेल्याला! मी घरी येऊन आईला सगळं नीट समजावलं. ती ऐकता ऐकता भाकऱ्या थापत राहिली.

वर्षभरानं सरांना बारडोलीला नोकरी लागली. निरोप घ्यायला बायकोला घेऊन दारात आले. आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"सर, तुमले तुमनी बायको सपनमा मरेल दिसनी का कधी?"

"छे हो वहिनी, कधीच नाही!" सर मोठ्या तोऱ्यात हसले.

आईनं त्यांच्या बायकोकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग तुमना जीवच नही तिनावर."