आत-बाहेरची काच

माणूस कोणत्या उजेडात पोट भरतो हे कळलं की तो सगळा कळला, असं मानणारी बाई साऱ्या मराठवाड्यात एकच होती, आणि ती माझी आत्या. लातूरला डाळमिलांच्या रस्त्यावर तिचं हातमोजे, बूट आणि कामावर घालायच्या चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ती भाव सांगायच्या आधी चौकशी करी: सावलीत काम की उन्हात, धूळ किती, डोक्यावर पत्रा की आभाळ. मी नांदेडहून सुट्टीला गेलो की पुस्तक घेऊन तिच्या दुकानात बसे, आणि पान काही उलटत नसे. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्याला ती करडी काच देई, कारण तिच्यातून लाल ते लालच दिसतं. पहाटेच्या धुक्यात टेम्पो हाकणाऱ्याला पिवळी, छपराखालच्या कामाला साधी पांढरी. वेल्डिंगवाला काळा गॉगल मागायला आला तर त्याला बसवून घेई, चहा पाजी आणि तोंडावर धरायचा वेल्डिंगचा पडदा घेतल्याशिवाय उठू देत नसे. एकदा एका आडत्याला पिवळी काच फार आवडली आणि ती घालून तो डाळ पारखायला निघाला. आत्याने ती त्याच्या नाकावरून अलगद काढून घेतली. म्हणाली, "शेठ, हिच्यातून समदीच डाळ एक नंबर दिसती. घ्यायच्या येळी घालू नका. इकायच्या येळी गिऱ्हाइकाला घाला."

आम्ही माहूरला गेलो की तिच्या पिशवीत नारळाच्या आधी चष्मे असत. झाडी आली, ऊन आलं, की आम्हा सगळ्यांना काचा बदलाव्या लागत. बाकीचे भाविक आमच्याकडे डोळ्यांची साथ आल्यासारखे बघत आणि जरा लांबून चालत. गाभाऱ्यात मात्र ती सगळे चष्मे गोळा करून पदराखाली धरी. देवीला कोणती काच लागते हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

एवढ्या बाईचं एकच माणूस ऐकत नसे, तिचा नवरा. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. मामा डाळमिलमध्ये मुकादम होते. दिवसभर रखरखीत उन्हातून अंधाऱ्या गोदामात, गोदामातून पुन्हा उन्हात, आणि आजूबाजूला सतत रिव्हर्स घेणारे ट्रक. त्यांना जावयाने एक काळाकुट्ट गॉगल दिला होता, आणि तो घातला की आपण नटासारखे दिसतो अशी त्यांची ठाम समजूत होती. गोदामात शिरलं की त्यांना काही दिसत नसे. एकदा त्यांनी पोत्यांच्या थप्पीला शेठ समजून रामराम घातला. त्या गोष्टीवर सगळी मिल हसली. मग एका दुपारी रिव्हर्समध्ये येणारा ट्रक त्यांना दिसलाच नाही, हमालांनी सदरा धरून ओढलं म्हणून ते वाचले. ते ऐकल्यापासून आत्याच्या घशाखाली घास उतरेना. तिने पांढरी काच पुढे केली, तर मामा म्हणाले की तिच्यात मी कंपाउंडर दिसतो. तिने गॉगल पिठाच्या डब्यात लपवला, तर ते उघड्या डोळ्यांनी कामावर गेले आणि धुळीने लाल झालेले डोळे चोळत परत आले.

शेवटी तिने हैदराबादहून एक चष्मा मागवला. त्याच्या काचेवर चांदीचा अगदी पुसट मुलामा होता. उन्हात ती आरशासारखी चमके, आणि सावलीत शिरलं तरी घालणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसे. आत्या तिला आत-बाहेरची काच म्हणे. मामांना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. चष्मा गल्ल्याजवळ ठेवला, आणि मामांचा हात तिकडे गेला तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ते. तरण्या पोरांचं हाय, तुम्हाला शोभायचं न्हाई."

मामांनी तो तिथेच डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी मिलच्या अंगणात हमालांनी रांगेने येऊन त्यांच्या काचेत आपापल्या मिशा न्याहाळल्या. काळा गॉगल ते विसरलेच. त्या रात्री आत्या पोटभर जेवली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. साधा ताप, असं आम्हाला वाटलं होतं. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि मामा माजघरात भिंतीला टेकून बसले होते, तोच चष्मा लावून. येणाऱ्या प्रत्येकाशी ते मोठ्याने, धीराने बोलत होते. आपले डोळे आरशामागे झाकलेले आहेत असं त्यांना वाटत असावं. पण माजघरात ऊन कुठलं? त्या मंद उजेडात काच पार निवळली होती, आणि आम्हाला सगळं दिसत होतं. त्यांना ते कुणीच सांगितलं नाही.