एका घरात दोन अनिता

आमच्या वर्गात पाच अनिता होत्या. खोटं नाही सांगत. चांदूर रेल्वेच्या त्या शाळेत हजेरी घेताना गुरुजी पार वैतागून जायचे. आडनावं लावून काम भागलं असतं, पण त्यातल्या दोघींची आडनावंही एकच. शेवटी गुरुजींनीच वाटणी केली. स्टेशनजवळची अनिता, उंच अनिता, चष्मेवाली अनिता, पोस्टमनची अनिता आणि फुलवाली अनिता. फुलवाली म्हणजे मी. माझे वडील झेंडू-शेवंती लावायचे आणि सकाळच्या गाडीनं टोपल्या बडनेऱ्याकडे रवाना करायचे. उरलेल्या बाकांवर सुनिता, वनिता, कविता, सविता आणि दोन संगीता. गुरुजी कपाळाला हात लावून म्हणायचे, "तुमच्या मायबापाईले दुसरं नाव भेटलंच नाही का वं?"

घरी येऊन मी आईला हेच विचारलं. ती म्हणाली, "तुह्या आत्यानं आणलं अमरावतीहून." जशा काही बांगड्याच आणल्या! बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आत्यानं ते नाव अमरावतीत कुणाच्या तरी शिकलेल्या घरी ऐकलं होतं आणि तिला ते नव्या चालीचं वाटलं. तेव्हा आज्या-पणज्यांची नावं मागं पडत चालली होती. आजीचं नाव पोरीला ठेवलं तर ती पोर लग्नाच्या बाजारात मागं राहील असंच लोकांना वाटायचं. मग एकीनं ठेवलं म्हणून दुसरीनं ठेवलं, दुसरीनं ठेवलं म्हणून तिसरीनं, आणि तालुकाभर अनिताच अनिता झाल्या.

मला ते नाव मुळीच आवडायचं नाही. पाचातली एक असण्यात काय मजा? देवळात गेले की मी चक्क नाव बदलून मागायची. बाप्पा, माणसानं देवाजवळ काय मागावं याचा जरा तरी विचार करावा.

कारण लग्न जमलं ते वलगावच्या शेतकरी घरात, आणि तिथं माझ्या होणाऱ्या थोरल्या जाऊबाई, त्यांचंही नाव अनिता. हे लग्नाच्या बैठकीत कळलं. सासूबाई म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी कशा राहतीन? लहानीचं बदलून टाकू." आमच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण आमच्याकडे ही रीतच आहे. नवरी घरात आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात आणि झालं. जुनं नाव माहेरी राहतं, आईच्या तोंडात.

मला इतका राग आला की काय सांगू! ज्या नावाचा मला कंटाळा होता, तेच कुणी काढून घ्यायला निघालं तर ते एकदम माझं झालं. त्या नावानं मी मार खाल्ला होता, त्याच नावानं पहिला नंबरही काढला होता. मास्तरकीच्या परीक्षेच्या निकालावर तेच नाव होतं. मी वडिलांना म्हटलं, "लग्न मोडा." ते बिचारे टोपली विणत बसले होते. म्हणाले, "नावासाठी कोनी लग्न मोडते का, माय?" मग मी नवऱ्या मुलालाच गाठलं. तो फराळाला आला होता. मी मागच्या दारी उभी राहून एका दमात सांगितलं, "मले माह्यं नाव पायजे." तो म्हणाला, "पायतो." आमच्या वऱ्हाडात माणूस 'पायतो' म्हणाला की समजून घ्यावं, तो काहीही पाहणार नाही.

लग्न झालं. वलगावला आले. आत गाद्या टाकल्या होत्या त्या मागच्या खोलीत मला बसवलं, आणि पूजेची तयारी होईपर्यंत मी पदर तोंडात कोंबून रडले. बाहेर नणंदा नवं नाव कुठलं ते ठरवत होत्या. ठरलं ते नाव देवीचं होतं, चांगलं होतं, त्या नावाची काही चूक नव्हती. पण मी मनाशी म्हणत होते की या घरात अनिता मेली आणि कुणाला सुतकही नाही.

मग देवासमोर पाट मांडले. ताट आलं. तांदूळ हातानं सारखा केला. नवऱ्यानं अंगठी काढली आणि तो माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत बसला. 'पायतो' म्हणालेला माणूस खरंच काहीतरी पाहत होता, पण त्याला मार्ग दिसत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "लिव ना रे, काहून थांबला?"

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई पुढं आल्या. हातात पेढ्यांचा डबा होता. म्हणाल्या, "तिले तिचं राहू द्या. माह्यं मले वापस द्या."

कुणाला काही समजेना. मग त्यांनीच फोड करून सांगितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या काही जन्माच्या अनिता नव्हत्या. त्यांचं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. वडील भाजी विकायचे. माहेरचं नाव त्यांच्या आजीचं ठेवलेलं, जुन्या वळणाचं. त्या या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनाच ते गावठी वाटलं आणि याच ताटात, अशाच तांदळात त्यांचं 'अनिता' झालं होतं. आता त्या म्हणत होत्या, "माह्या बापाच्या मायचं नाव हाये ते. मी बदललं म्हनून बाप अजून मनात कुढते. आता घरात दुसरी अनिता आलीच हाये, तं माह्यं जुनं नाव मले परत द्या. वाडवडिलाचं नाव चालू राहीन."

वाडवडिलांचं नाव काढल्यावर सासूबाईंचा नाइलाज झाला. त्यांचा चेहरा काही बरा नव्हता, पण भरल्या घरात वाडवडिलांना नाही कसं म्हणणार? माझ्या नवऱ्यानं संधी साधली. कुणाचं मन फिरायच्या आत त्यानं घाईघाईनं अंगठी फिरवली आणि वेड्यावाकड्या अक्षरात 'अनिता' लिहून टाकलं. मी डोळे पुसले. मला वाटलं, बघा, देव कसा असतो! दोघींचं काम एकाच ताटात झालं. मला माझं मिळालं, त्यांना त्यांचं मिळालं.

पुढं सत्तावीस वर्षं मी हेच धरून चालले. सासूबाई जाऊबाईंशी दोन महिने धड बोलल्या नाहीत, ते मी पाहिलं. पण मला वाटलं, सासू-सुनांचं काय, घरोघरी मातीच्या चुली. सासऱ्यांनी रेशनकार्डावर जाऊबाईंचं नाव बदलून आणलं आणि मग मतदार कार्ड, आधार, सगळे कागद त्या जुन्याच नावानं झाले. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, त्यांनी बायकोला या नव्या-जुन्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ते आपले "अवो, आयकलं का" म्हणत. मला वाटायचं, लाजरा माणूस आहे.

आणि या बाईनं माझ्यासाठी काय केलं नाही! मला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा माझी दोन्ही लेकरं त्यांनी वाढवली. माझा डबा त्याच भरायच्या. सासूबाई म्हणायच्या, "मास्तरीण जाते नट्टापट्टा करून, अन् थोरली राबते." जाऊबाई म्हणायच्या, "जाऊ द्या तिले, बस चुकीन." लेकरं त्यांना मोठ्याई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला आई म्हणतात त्याहून जास्त जीव लावून म्हणतात. शाळेतल्या फळ्यावर मी रोज शुद्ध भाषा लिहिते, पण त्यांच्याबद्दल शुद्ध भाषेत काही लिहायला बसले की मला हुंदका येतो.

एकदा मात्र एक गोष्ट खटकली होती. मोतीबिंदूसाठी त्यांना अकोल्याला नेलं होतं. दवाखान्यात नंबर आला की मोठ्यानं नाव पुकारत. जाऊबाईंचं नाव पुकारलं तशा समोरच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या पोरी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. जाऊबाई पदर सावरत, मान खाली घालून आत गेल्या. मी त्या पोरींना चांगलं झापलं. पण परतीच्या गाडीत जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "त्याईचं काय चुकलं?" मी तेही सोडून दिलं. किती मठ्ठ असावं माणसानं!

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी नको म्हटलं आहे.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, सुटीला घरी आली होती. सकाळी गच्चीवर आम्ही दोघी जावा मुगाच्या वड्या घालत होतो आणि ती बाजूला मोबाइल घेऊन बसली होती. ती मोबाइलवर स्पॅनिश शिकते. काहून, ते तिलेच माहीत. मध्येच ओरडली, "आई! तुझं नाव स्पॅनिश आहे!"

मी म्हटलं, "काहीतरीच. आत्यानं अमरावतीहून आणलं."

मग तिनं सांगितलं. तिकडं आना म्हणून नाव असतं, घरोघरचं. घरातली लेक लहान असली, लाडाची असली की आनाची अनिता करतात. मागं 'इता' लावलं की लहान, लाडकं, आपण छकुली म्हणतो तसं. आणि आना त्याहून जुन्या भाषेतून आलेलं, त्याचा अर्थ देवाची कृपा. मग ते नाव देशोदेशी गेलं. आपल्याकडे कुठून आलं ते कुणी छातीठोक सांगत नाही. गोव्याकडून, साहेबांकडून, सिनेमातून, काय ठाऊक. आपल्या पंडितांनी संस्कृतातूनही अर्थ काढून ठेवलाय. पण सुनिता-वनितांच्या रांगेत ते असं चपखल बसलं की पाहुणं आहे हे कुणाला कळलंच नाही.

मला हसू आवरेना. "मी अन् छकुली! गच्चीचा जिना चढताना दम लागते मले."

जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात डाळीच्या वाटणातच राहिला होता. म्हणाल्या, "लाडाचं नाव होय म्हन ते."

"हो ना, मोठ्याई."

"मले वाटेच," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "काय वाटे तुमाले?"

त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग वड्या घालत घालत बोलल्या, माझ्याकडे न बघता. "आमच्या गल्लीत पोट्टे माह्या नावावर यमक जुळवून चिडवत. शाळेत जायले नोको वाटे. इथं आली अन् ताटात अनिता लिवलं. दुसऱ्या दिवशी आंग धुतल्यावर आरशासमोर उभी रायली अन् हळूच म्हनून पायलं. अनिता. मले वाटलं, आता मी चांगली दिसून रायली." मग म्हणाल्या, "हे बी खोलीत त्याच नावानं हाक मारत. मंग त्याईच्या तोंडी जुनं नाव काही बसलं नाही."

माझ्या हातातली वडी ताटाबाहेर पडली. "मंग तुमच्या बापाचं कुढनं? आजीचं नाव?"

"ते खोटं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाप तं खूश होता अनितावर. पन सासूबाईले वाडवडिलाचं सांगतलं की पटे."

"पन काहून? काहून देलं मले?"

"तू मागच्या खोलीत रडून रायली होती ना वं. मी पेढे काढाले आली होती तं आयकू आलं. मी म्हनलं, मले तं हे भेटलेलं हाये. हिचं जन्माचं हाये. जन्माचं कसं काढून घ्याव?"

सत्तावीस वर्षं मी समजत होते की ताटात दोघींचं काम झालं. काम एकटीचं झालं होतं, माझं. शाळेत, बँकेत, पगारपत्रकावर, लेकरांच्या दाखल्यावर मी ऐटीत सही ठोकत आले ती या बाईच्या नावाची. आणि ती दवाखान्यात मान खाली घालून उठत होती. मी त्यांचा वाटणानं भरलेला हात धरला आणि रडत म्हणाले, "बाई, घ्या ना वापस. आजपासून घरात सगळे तुमालेच म्हनतीन."

"येडी झाली का वं? वड्या वाळून रायल्या." त्यांनी हात सोडवून घेतला. मग दोन वड्या घातल्या आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुह्या त्या भाषेत एकडाव म्हनून दाखव बरं. तिकडच्या माया लेकीले कशी हाक मारतेत?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच जाऊबाईंकडे खूण केली. पोरगी शहाणी आहे. ती उठून त्यांच्या समोर जाऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत, नी लांबवून, लाडानं म्हणाली, "अनीऽता."

"ओ," जाऊबाई म्हणाल्या.

इतक्या झटकन म्हणाल्या की त्यांच्या त्याच दचकल्या. माझं नाव पुकारलं होतं, मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसले होते, आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.