गच्चीतलं पाणी

बाई कुठल्याही छताखाली आल्या की आधी वर बघत, मग माणसांकडे. लग्नाच्या कार्यालयातसुद्धा. घरांची रचना करण्यात नगरमध्ये त्यांचा दबदबा होता. मी त्यांच्या कचेरीत नकाशे काढायचो, आणि मला मात्र त्या सदैव धास्तावलेल्याच दिसायच्या.

त्यांचं शेवटचं काम चौकाभोवतीच्या तीन मजली घरांचं. प्रत्येक मजला थोडा मागे सरकवलेला, म्हणजे खालच्याचं छत ती वरच्याची बाग. मधला चौक सगळ्यांचा. "दार उघडल्यावर समोर माणूस दिसावा, गाडी नाही," असं त्या म्हणत. बिल्डर शेठना चौकात गाड्याच हव्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, "बाई, एक गच्ची जरी गळली, तरी सगळ्या बागा रद्द."

म्हणून माती टाकण्याआधी बाई प्रत्येक गच्चीत चार दिवस पाणी कोंडून ठेवत. कडेला खडूची रेघ, शेजारी भरलेली बादली. आमच्याकडचा कोरडा वाराही पाणी पितो. बादलीतलं उतरेल तेवढंच गच्चीतलं उतरलं, तर गळती नाही. गवंडी नामदेवमामा चिडवायचे, "बाई, रोज त्या बादलीला काय इचारताय? ती काय बोलती व्हय?"

"बोलत नाही, म्हणून तर तिच्यावर विश्वास, मामा."

शेवटच्या, सगळ्यात मोठ्या गच्चीच्या वेळी बाई दवाखान्यात होत्या. मी पाणी कोंडलं, रेघ मारली आणि बादली ठेवायची विसरलो. चौथ्या दिवशी पाणी दोन बोटं उतरलेलं. खालचं छत कोरडं होतं. पण ओल झिरपायला वेळ लागतो, हेही बाईंनीच शिकवलेलं.

दवाखान्यात शेठ आधीच येऊन बसले होते.

"किती उतरलं?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोन बोटं."

शेठ सावरून बसले.

"आणि बादलीतलं?"

"तेवढंच, बाई."

त्यांनी डोळे मिटले. "मग माती चढवा, शेठ."

दुसऱ्या दिवशी बादली ठेवून पुन्हा पाणी भरावं म्हणून मी सकाळीच गेलो, तर मातीचा टेम्पो रिकामा होऊन निघाला होता. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

आता तिथे मोगरा आहे, कढीपत्ता आहे. दर पावसाळ्यात मी त्या गच्चीखालच्या घरी जातो. तिथल्या काकू श्रीगोंद्याकडच्या. दार उघडतानाच म्हणतात, "या. कोरडं हाय. तुमी इतकं का भ्येता?"

मी चहा घेतो. कधी तरी सांगून टाकावंसं वाटतं. पण मग बाईंनी डोळे मिटले ते कशाच्या भरवशावर, तेही सांगावं लागेल.